पट्टी मुखड्यावरून ठरवू नका

प्रश्न: चवथीला आमच्या वाड्यावरच्या मांडवात कराओकेचा कार्यक्रम असतो. पुरुष गायकाचं एक भावगीत मला गायचं आहे. मूळ ट्रॅकवर मुखडा इतका खाली जातो की माझा आवाज ऐकूच येत नाही. पट्टी (गाण्याचा आधारस्वर) वाढवली की अंतऱ्यात आवाज फाटतो. किती वाढवावी? – एक वाचक भगिनी, फोंडा

उत्तर: आधी अंतरा गाऊन पाहा. मुखड्यावर पट्टी बसवली की फसगत होते, कारण चालीतला सर्वांत उंच सूर बहुधा अंतऱ्यात असतो. ट्रॅक बंद ठेवून फक्त ती ओळ म्हणा. उंच सूर चार सेकंद, न थरथरता, लागोपाठ तीनदा लागला तरच तो तुमचा. घरी बसून एकदा लागला म्हणून भरवसा ठेवू नका. मांडवात उभ्याने, धपापत्या श्वासावर तोच सूर उतरतो. मग पेटीवर तो सूर शोधून पट्टी काढा आणि त्या पट्टीत मुखड्यातला खालचा सूर तपासा. दोन्ही टोकं एकाच पट्टीत बसत नसतील तर ते गाणं सोडून द्या. वाईट वाटेल, पण इथे कुठलंही बटण मदतीला येत नाही.

आता किती वाढवायची ते. ट्रॅक काळी एकमध्ये (म्हणजे सप्तकातली पेटीची पहिली काळी पट्टी हा सा) आहे आणि तुमची पट्टी काळी चार, असं धरू. वर जायचं तर सात अर्धे स्वर (पेटीवर काळ्या-पांढऱ्या मिळून सात पट्ट्या) लागतात. त्याऐवजी ट्रॅक पाच अर्धे स्वर खाली आणला तरी पट्टी काळी चारच येते. तुम्ही तुमच्या सप्तकात गाता, वाद्यं तेवढी खालच्या सप्तकात जातात. पण दोन-तीन अर्ध्या स्वरांपलीकडे ट्रॅक सरकवला की तबला गढूळ वाजतो, बासरीचा गोडवा जातो. म्हणून तुम्ही ‘फिमेल स्केल’ म्हणून वेगळा तयार केलेला ट्रॅकच शोधा. पट्टी बदलताना लय बदलली नाही ना, हेही ऐका. काही ॲपमध्ये दोन्ही एकदम बदलतात.

पडद्यावरचे शब्द रंगायची वाट पाहत अंतरा उचलू नका, उशीर होतो. मधल्या संगीताची आवर्तनं, म्हणजे तालाच्या पूर्ण फेऱ्या, मोजा (दादरा 6 मात्रांचा, केरवा 8 मात्रांचा) आणि आकडा कागदावर लिहून ठेवा. दुसऱ्या अंतऱ्याआधीचं संगीत पुष्कळदा वेगळ्या लांबीचं असतं, तेव्हा ते स्वतंत्र मोजा.

प्रश्न: उंच सुरावर माईक शिट्टी मारतो. – म्हापसा

उत्तर: जाळीभोवती मूठ आवळली जात असेल. जाळीच्या मागच्या बाजूची छिद्रं बंद झाली की माईक चहूकडचा आवाज ओढतो, स्पीकरचाही, आणि तोच आवाज फिरून फिरून शिट्टी होते. दांडा धरा. स्पीकर तुमच्या पुढे, तोंड श्रोत्यांकडे. त्याच्यासमोर जाऊन उभं राहू नका. खालच्या सुरांना माईक ओठांपासून दोन-तीन बोटांवर ठेवा, उंच सुराला अर्धी वीत लांब न्या. इको कमी करा, तो वाढवला की शब्द एकमेकांत मिसळतात.

प्रश्न: टीव्हीवर शब्द पुढे पळतात, ब्लूटूथ स्पीकरवर संगीत मागून येतं. – डिचोली

उत्तर: ब्लूटूथवर आवाज पोचायला सेकंदाचा एक-दोन दशांश उशीर होऊ शकतो. टीव्ही ते स्पीकर वायर जोडा. वायर नसेल तर डोळ्यांवर न जाता कानांवर गा.

प्रश्न: नाट्यपद कराओकेवर जमेल का? – साखळी

उत्तर: बंदिशीपुरतं जमेल. आलाप-तानांना नाही, कारण ट्रॅक तुमच्यासाठी समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) थांबत नाही. एक तान लांबली की पुढची ओळ निघून जाते. नाट्यपदाला पेटी-तबला हवा, आणि गोव्यात भजनी मंडळात तो सहज मिळतो. उघड्या मांडवात खास परवानगी नसेल तर रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपक चालत नाही, म्हणून असं लांबणारं पद कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच घ्या.