उपकेंद्रावर रुजू होणाऱ्या परिचारिकेस

प्रिय मुली,

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातील आरोग्य उपकेंद्रावर तुझी नेमणूक झाल्याचे कळले. प्रशिक्षणात घाईने उरकल्या जाणाऱ्या एका विषयाबद्दल, म्हणजे मृतजन्माबद्दल, आज लिहिते.

गर्भारपणाचे २८ आठवडे उलटल्यानंतर मृत जन्मणारी बाळे जगात दरवर्षी सुमारे १९ लाख असतात आणि त्यांतील चाळीस टक्क्यांहून अधिक बाळे कळा सुरू झाल्या तेव्हा जिवंत असतात. गोव्यात जवळजवळ सर्व बाळंतपणे रुग्णालयात होत असल्याने हा आपला प्रश्न नव्हे, असे तुला कोणीतरी सांगेलच. पण रुग्णालयात पोहोचणे वेगळे आणि वेळेवर पोहोचणे वेगळे. काजूच्या बागायतीत राबणारी किंवा बांधकामावरच्या झोपडीत राहणारी, घाटावरून आलेली बाई सातव्या महिन्यात प्रथम दिसते, तिचे तपासण्यांचे कार्ड गावी राहिलेले असते आणि अंगात रक्त कमी असते. अशा बाईकडे आधी जा.

पाय सुजले तर घरचे म्हणतात, पहिलटकरणीचे असेच असते. डोके दुखले तर पित्त म्हणून सोडून देतात. तू रक्तदाब मोज. तो १४०/९० किंवा त्याहून अधिक आला, थोड्या वेळाने पुन्हा मोजल्यावरही तसाच राहिला, तर तिला त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठव. मी एकदा ‘पुढच्या बुधवारी बघू’ म्हटले होते. त्या बुधवारी ती आली, पण बाळाचे ठोके मला सापडले नाहीत.

सिफिलिस, म्हणजे शरीरसंबंधातून पसरणारा आणि पोटातल्या बाळालाही होणारा रोग, त्याची तपासणी लाजेपोटी टाळू नकोस. वेळीच दिलेल्या पेनिसिलिनने बाळ वाचू शकते. मात्र नवऱ्यालाही उपचार घ्यायला लावणे, हे सुई टोचण्यापेक्षा कितीतरी अवघड काम आहे. मिश्री, चुलीचा धूर, अंतर न ठेवता राहिलेले दिवस, पूर्वी दगावलेले मूल, हे सारे विचारायचेच, परंतु विचारताना स्वर पोलिसाचा नसावा. बाळाचे हलणे कमी झाले तर रात्र असली तरी १०८ ला फोन करायचा, हे तिला सांगच, पण तिच्या सासूलाही सांग, कारण गाडी बोलावण्याचा निर्णय बहुधा तिच्याच हाती असतो.

असे बाळ जन्मलेच तर नोंद खरी कर. कातडी सुटलेली असेल तर ते बहुधा कळांपूर्वीच गेलेले असते. कातडी ताजी असेल तर प्रसूतीच्या वेळी काय घडले, हे विचारायला हवे. एखादा श्वास घेऊन गेलेल्या बाळाला मृतजन्म म्हणून लिहिले की चौकशी कमी होते, असा सल्ला कोणी दिला तर तो मानू नकोस.

आणि तिसऱ्या दिवशी तिच्या घरी जा. घरात बाळ नाही म्हणून अशा घरची भेट वहीतून गळते, पण नेमके त्याच सुमारास तिला दूध येते आणि ते येणार आहे, हे तिला कोणीही सांगितलेले नसते.

तुझी,
जुनी सिस्टर