व्हिडिओ रेंडर करताना (एडिट केलेल्यातून अंतिम फाइल बनवताना) विंडोजमध्ये त्या प्रोग्रामची प्रायॉरिटी, म्हणजे सीपीयू आधी कुणाला मिळणार ते, सगळ्यात वरच्या 'रियलटाइम'वर केली तर काम लवकर होतं का? आणि ती कायमची सेट कशी करायची?

लवकर होत नाही, आणि करूही नका. प्रश्न वाचून गप्प बसवेना, कारण याच सेटिंगवरून माझं आणि माझ्या मावसभावाचं वाजलंय आणि अजून मिटलेलं नाही.

कुडाळजवळ माझं लग्नाच्या व्हिडिओंचं काम आहे. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की दशावतारी खेळ लाइव्ह दाखवायचं कामही येतं, मुंबईतल्या चाकरमान्यांना दर जत्रेला गावी येणं कुठे जमतं! त्या रात्री लॅपटॉपवर ओबीएस या लाइव्ह दाखवायच्या नि रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममधून लाइव्ह चालू होतं आणि मागे एका लग्नाची फिल्म रेंडरला लावलेली. पार्टी दुसऱ्या दिवशीच्या तुतारी एक्सप्रेसने पेनड्राइव्ह घेऊन दादरला जाणार होती. मी कॅमेऱ्यावर आणि लॅपटॉपपाशी मावसभाऊ. तो पुण्यात आयटीत आहे. रेंडरची टक्केवारी हळू सरकतेय म्हणून त्याने मला न विचारता टास्क मॅनेजर अ‍ॅडमिन म्हणून उघडला, डिटेल्समध्ये राइट क्लिक केलं आणि एडिटिंगचा प्रोग्राम थेट रियलटाइमवर टाकला. विंडोज तिथे एकदा विचारतं, तरी त्याने हो म्हटलं.

आधी ओबीएसवर एन्कोडिंग ओव्हरलोडची, म्हणजे लाइव्हचा व्हिडिओ वेळेत तयार होत नसल्याची सूचना आली. मग आवाज तुटायला लागला, पखवाजाची थाप अर्धीच, झांज गायब. मुंबईहून फोनावर फोन, 'काय दिसना नाय'. मी धावत आलो तर माऊसचा बाण जागच्या जागी गोठलेला. प्रायॉरिटी खाली आणायची म्हटलं तर कीबोर्डही ऐकेना. शेवटी पॉवरचं बटण दाबून धरलं.

रेंडर होत असलेली एमपी४ फाइल वाया गेली, कारण तिची अनुक्रमणिका सहसा शेवटी लिहिली जाते आणि ती नसेल तर फाइल उघडत नाही. ओबीएसचं रेकॉर्डिंग मी एमकेव्हीत ठेवतो, ती फाइल अर्धवट राहिली तरी उघडते, म्हणून तोवरचा भाग वाचला. मधला गेला तो गेलाच. दशावतारात संवाद लिहून दिलेले नसतात, नट उभ्या उभ्या रचतात. तो प्रसंग तसाच पुन्हा कोण करून दाखवणार?

विंडोजमध्ये प्राधान्याच्या ० ते ३१ अशा पायऱ्या आहेत. नॉर्मल ८, हाय १३, रियलटाइम २४. वरच्या पायरीवरचं काम तयार असलं की खालच्याला थांबावं लागतं. रेंडर सीपीयूचे सगळे कोअर व्यापतं, त्यामुळे माऊस, कीबोर्ड, डिस्कवर लिहिणं अशी सिस्टिमची कामंही अडकतात. रियलटाइम जवळजवळ कधीच वापरू नका, असं मायक्रोसॉफ्टच सांगतं.

मावसभाऊ म्हणतो, "मोठ्या कामाक मोठी प्रायॉरिटी व्हयी." साफ चूक. कोणतं काम थांबू शकतं ते बघायचं. रेंडर थोडं उशिरा झालं तर काही बिघडत नाही, लाइव्हला उशीर झाला की ती फ्रेम गेली. म्हणून रेंडर बिलो नॉर्मलवर, म्हणजे नॉर्मलच्या खालच्या पायरीवर, आणि ओबीएस हायवर. बाकी कुणाला सीपीयू नको असेल तेव्हा बिलो नॉर्मलवरचं रेंडरही पूर्ण वेगानेच चालतं, हे त्याला अजून पटत नाही. त्याच्या मते त्या रात्री लॅपटॉपच कमी ताकदीचा होता. त्याच लॅपटॉपवर पुढच्या जत्रेत अख्खा खेळ लाइव्ह गेला आणि रेंडरही सकाळपर्यंत तयार होतं. आता बोला!

कायमचं म्हणाल, तर टास्क मॅनेजरमधली निवड प्रोग्राम बंद केला की जाते. बॅच फाइलमध्ये (कमांड लिहून ठेवलेली साधी फाइल) 'स्टार्ट' कमांडला बिलो नॉर्मलचा स्विच लावून प्रोग्राम तिथूनच उघडत जा. ओबीएसमध्ये सेटिंग्जच्या अ‍ॅडव्हान्स्डमध्ये प्रायॉरिटी आहे, ती टिकते. लिनक्सवाल्यांनी 'नाइस' ही कमांड वापरावी, तिथे -२० ते १९ असतं आणि आकडा मोठा तेवढं प्राधान्य कमी.

एक राहिलं. मशीनवर दुसरं काहीच चालू नसेल तर रियलटाइम सोडून प्रायॉरिटी कुठलीही ठेवा, वेळेत फारसा फरक पडणार नाही. रॅम अपुरी असेल किंवा हार्ड डिस्क जुनी असेल तरी हा उपाय नाही. आपल्याकडच्या मे महिन्यात लॅपटॉप तापून स्वतःच वेग उतरवतो, तेव्हा आधी पंख्यातली धूळ काढा.