ढगाळ, पावसाळी हवेत कास पठारावर फुलांचे फोटो चांगले येतात का? की उघडीप पाहूनच जावं?

तुम्ही मित्रासोबत सप्टेंबरमध्ये जायचं म्हणताय आणि हवामानाची धास्ती घेतलीय. मी तर म्हणेन, उघडिपीची वाट पाहूच नका.

दोन वर्षांपूर्वी मी आणि माझा कॉलेजपासूनचा मित्र पुण्याहून रात्रीच निघालो. साताऱ्यात पोहोचलो तेव्हा आभाळ निरभ्र, तारे दिसत होते. यवतेश्वरचा घाट चढताना वायपर लावावे लागले आणि वर गेलो तर दहा पावलांपलीकडचं दिसेना. तिथे हे असंच चालतं. पठार साधारण १२०० मीटर उंचीवर आहे. कोयनेच्या खोऱ्याकडून येणारं ओलं वारं डोंगराला धडकून वर चढतं, गार होतं आणि पठारावर धुकं होऊन पसरतं. अर्ध्या तासात तेच धुकं विरून ऊनही पडतं.

आम्ही गाडीत एसी लावून गेलो होतो. कॅमेरा बाहेर काढल्याबरोबर लेन्सवर वाफ धरली आणि वीस मिनिटं तशीच गेली. तुम्ही घाटाच्या पायथ्यालाच एसी बंद करा, काचा थोड्या खाली घ्या. वाफ धरलीच तर पुसत बसू नका, आपोआप जाऊ द्या.

धुक्यात सीतेची आसवं ही इवली जांभळी फुलं जशी दिसतात तशी उन्हात कधीच दिसत नाहीत. भर उन्हात तो जांभळा रंग फिका पडतो, शेजारच्या गेंदाचे पांढरे गोंडे तर फोटोत नुसते पांढरे ठिपके होतात. ढगाखाली प्रकाश चहूकडून मऊ येतो, पाकळीवरची रेघ न् रेघ टिकते. फक्त धुक्यात कॅमेरा फसतो, सगळं करडं करून टाकतो. म्हणून एक्स्पोजर एक स्टॉप वाढवा, म्हणजे कॅमेऱ्यात दुप्पट प्रकाश घ्या. आणि गुडघ्यावर बसून बघाच, सीतेच्या आसवांचं फूल नखाएवढं असतं. या नाजूक वनस्पतीच्या ओल्या मातीतल्या बारीक पिशव्या सूक्ष्म जीव पकडतात, कारण जांभ्यावरच्या त्या मातीत नायट्रोजन फारसा नसतो. हे कळल्यावर मी तिच्यापुढे जरा जास्तच वेळ बसतो.

खरी अडचण पावसाची नाही, वाऱ्याची. इथेच मित्र लागतो. माझा मित्र स्वतः फारसे फोटो काढत नाही, पण वाऱ्याच्या बाजूला छत्री आडवी धरून न कंटाळता बसतो. फूल डोलायचं थांबतं, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) फार न चढवता काम होतं. त्या दिवशी दवबिंदू नावाची कीटक खाणारी वनस्पतीही त्यालाच दिसली. साडेदहाच्या सुमारास ढग फाटले आणि ऊन तिच्या मागून आलं. पानांवरच्या लाल केसांच्या टोकाला चिकट थेंब असतात, तो एकेक थेंब पेटल्यासारखा झाला. जेमतेम दहा मिनिटं मिळाली, मग पुन्हा सर. नुसतं निरभ्र आभाळ असतं तर आम्ही तोवर परतीच्या वाटेला लागलो असतो.

एक मात्र कळकळीने सांगतो. पाय फक्त वाटेवर किंवा उघड्या दगडावर ठेवा. सड्यावर, म्हणजे अशा कातळी पठारावर, मातीचा थर अगदी पातळ असतो. यातल्या बऱ्याच वनस्पती एका पावसाळ्यापुरत्याच जगतात. फूल तुडवलं की बी धरत नाही, मग पुढच्या वर्षी उगवणार काय? आमच्यासमोर एक जण फोटोसाठी तेरड्यात आडवा झाला होता. मित्राने जवळ जाऊन त्याला हे समजावलं, तो लगेच उठला. पण झोपली ती रोपं झोपलीच.

शनिवार-रविवार टाळा, बुकिंग आधी ऑनलाइन करून ठेवा. टॉवेल दोन घ्या, एक कॅमेऱ्याचा, एक तुमचा. छत्री काळी किंवा पांढरीच न्या. आमची पहिली छत्री लाल होती. तिचा रंग फुलांवर उतरला आणि सुरुवातीचे सगळे गेंद गुलाबी आले.