ऑंटारियोतल्या युनिव्हर्सिटीत सिक्युरिटी आणि डिस्पॅच: महेश, तुमच्या प्रश्नांची उत्तरं

महेश, तुमचा मेसेज नीट वाचला. पुण्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात तुम्ही सिक्युरिटी सुपरवायझर आहात, कंट्रोल रूमही सांभाळली आहे. वहिनींना कॅनडातल्या ऑंटारियो प्रांतात दोन वर्षांच्या मास्टर्सला प्रवेश मिळालाय आणि तुम्ही जोडीदाराच्या ओपन वर्क परमिटवर (कुठल्याही मालकाकडे काम करता येणारं परमिट) येणार आहात. युनिव्हर्सिटीत याच कामाला लागता येईल का, डिस्पॅचर (कंट्रोल रूममध्ये बसून फोन घेणारा आणि रेडिओवरून माणसं पाठवणारा) दिवसभर नेमकं करतो काय, आणि त्यावर पीआर, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा परवाना, होईल का, असं तुम्ही विचारलंय. मी इथल्या एका युनिव्हर्सिटीत आधी गस्तीवर होतो, आता डिस्पॅचला बसतो, त्यामुळे सविस्तर लिहितो.

पीआरचं आधी सांगतो, कारण एजंट लोक नेमकं इथंच गोलमाल बोलतात. कॅनडा सरकारच्या व्यवसाय-यादीत सिक्युरिटी गार्डचा क्रमांक ६४४१०, डिस्पॅचरचा १४४०४. दोन्ही टीअर ४ मध्ये (टीअर म्हणजे कामाला लागणाऱ्या शिक्षण-प्रशिक्षणावरून केलेली श्रेणी, ० सगळ्यात वरची). एक्स्प्रेस एंट्री या पीआरच्या गुणांवर चालणाऱ्या योजनेत कॅनडातल्या कामाच्या अनुभवावरचा जो कॅनेडियन एक्स्पीरियन्स क्लास आहे, त्याला मात्र टीअर ० ते ३ चाच अनुभव चालतो. म्हणजे गार्ड म्हणून कितीही वर्षं इमानदारीनं काढली, तरी तेवढ्यावर त्या वाटेनं अर्ज बसत नाही. गार्डांचा सुपरवायझर वरच्या वर्गात मोडतो, पण नुसतं पदाचं नाव बदलून भागत नाही, रोजची कामं तशी असावी लागतात. तुमच्या घरात पीआरची खरी वाट वहिनींच्या डिग्रीतून जाते. मास्टर्स झालं की त्यांना तीन वर्षांपर्यंतचं वर्क परमिट मिळू शकतं. त्यावर टीअर ० ते ३ मधली नोकरी वर्षभर झाली की अर्ज त्यांच्या नावानं, तुम्ही जोडीदार. तुमच्या इंग्रजी परीक्षेचेही गुण त्यात मोजले जातात, म्हणून आयईएल्टीएस तुम्हीसुद्धा मनावर घ्या. आणि एक बघून ठेवा: २१ जानेवारी २०२५ पासून मास्टर्सच्या विद्यार्थ्याच्या जोडीदाराला हे परमिट कोर्स किमान १६ महिन्यांचा असेल तरच मिळतं. दोन वर्षांचा कोर्स म्हणजे अडचण नाही, पण प्रवेशपत्रावर कालावधी स्पष्ट छापलेला हवा.

हे एवढं डोक्यात पक्कं ठेवून आलात, तर ही नोकरी मनापासून करण्यासारखी आहे.

युनिव्हर्सिटीत सिक्युरिटीचे लोक तीन प्रकारचे असतात. कंत्राटी कंपनीचे गार्ड, युनिव्हर्सिटीच्या स्वतःच्या पगारावरचे ऑफिसर आणि डिस्पॅचर, आणि काही ठिकाणी स्पेशल कॉन्स्टेबल. टोरांटो, मॅकमास्टर, वेस्टर्न, वॉटर्लू या युनिव्हर्सिटींमध्ये स्पेशल कॉन्स्टेबल आहेत. त्यांना कॅम्पसपुरते पोलिसांचे काही अधिकार असतात आणि त्यासाठी नागरिकत्व किंवा पीआर लागतं, म्हणजे तूर्त ते तुमच्यासाठी नाही. नवीन माणूस बहुतेक वेळा कंत्राटी गार्ड म्हणून शिरतो: हॉस्टेलचा रात्रीचा डेस्क, लायब्ररी, परीक्षेचा हॉल, पदवीदान समारंभ. तिथला पगार किमान वेतनाच्या आसपासच राहतो (ऑक्टोबर २०२५ पासून ऑंटारियोत ते ताशी १७.६० डॉलर आहे). युनिव्हर्सिटीच्या स्वतःच्या पगारावर गेलात की युनियन, पेन्शन, दाताडोळ्यांचा विमा, आणि पगारही चांगला. पण त्या जागा कमी निघतात, आणि त्याच कॅम्पसवर काम केलेल्या ओळखीच्या माणसाला आधी विचारतात. म्हणून कंत्राटी कंपनी निवडताना कुठल्या कॅम्पसवर पोस्टिंग देणार ते पहिल्या मुलाखतीतच विचारा. मॉलमध्ये उभं राहून हा अनुभव मिळत नाही.

लायसन्सचं सोपं आहे. भारतात २००५ च्या कायद्यानं लायसन्स एजन्सीला लागतं. ऑंटारियोचा कायदाही २००५ चाच, पण इथं प्रत्येक गार्डचं स्वतःच्या नावाचं लायसन्स असतं आणि ड्युटीवर ते जवळ बाळगावं लागतं. त्यासाठी ४० तासांचं प्रशिक्षण, त्यात प्रथमोपचार आणि सीपीआर (हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबण्याची पद्धत). मग ६० प्रश्नांची बहुपर्यायी परीक्षा, पास व्हायला साधारण ६२ टक्के. मग ८० डॉलर भरून दोन वर्षांचं लायसन्स. पुण्यातलं ट्रेनिंग सर्टिफिकेट दाखवून यातलं काही टळत नाही, पण तुम्हाला ते अवघडही जाणार नाही.

अवघड जाईल ते अधिकाराचं. आपल्याकडे कॉलेजला गेट असतं. आयकार्ड नसेल तर आत सोडत नाहीत, आणि खाकी किंवा निळा शर्ट घातला की आवाज आपोआप चढतो. इथल्या बहुतेक युनिव्हर्सिटींना गेटच नाही. शहराचा रस्ता मधून जातो, म्हातारी माणसं कुत्री फिरवायला येतात, उन्हाळ्यात शेजारची पोरं हिरवळीवर खेळतात. गार्ड हा कायद्यानं साधा नागरिक. गुन्हा करताना कोणाला पाहिलं तर फौजदारी संहितेच्या कलम ४९४ खाली धरता येतं आणि लगेच पोलिसांच्या हवाली करावं लागतं. जागेच्या मालकाच्या वतीनं एखाद्याला बाहेर जायला सांगता येतं. नाहीच ऐकलं तर अतिक्रमणाच्या कायद्याखाली कारवाई होते, दंड १०,००० डॉलरपर्यंत. यापलीकडे कोणाचं कार्ड हिसकावणं, बॅग उघडणं, दंडाला धरून ओढणं यातलं काहीही केलंत तर तक्रार तुमच्यावर होईल आणि नोकरी जाईल. वर्णावरून कोणाला हटकलं असं दिसलं तर प्रकरण मानवाधिकारापर्यंत जातं, आणि ते योग्यच आहे. आपल्या मुलांना हे कसं वाटतं ते आपणच ओळखायला हवं.

म्हणून मी सांगतो, इथं ऐकणारा आणि लिहिणारा गार्ड टिकतो. वहीत चोवीस तासांच्या घड्याळानं वेळ लिहायची, कोरी जागा सोडायची नाही, चुकलं तर एकच रेघ मारून आद्याक्षरं टाकायची. ‘संशयास्पद इसम फिरत होता’ असं लिहिलेलं चालत नाही. काळं जाकीट, उजव्या हातात पाना, सायकलच्या तिसऱ्या कुलपापाशी वाकलेला, ०२१४ वाजता: असं लिहायचं. पुढं वर्षभरानं कोर्टात तुमच्या आठवणीपेक्षा ते पान जास्त बोलतं.

आता डिस्पॅच. समोर चार-पाच स्क्रीन: कॅमेरे, दरवाजांची कार्ड-यंत्रणा, फायर पॅनल, आणि कॉलची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर. बाजूला रेडिओ आणि फोन. कॅम्पसवरच्या निळ्या दिव्याच्या खांबांचे आणि लिफ्टमधले फोनही तुमच्याकडेच वाजतात. फोन उचलला की आधी ‘कुठे’ आणि मग ‘काय’. माणूस घाबरून बोलता बोलता फोन कट झाला, तर जागा माहीत असली म्हणजे निदान कोणाला तरी धाडता येतं. कोणी परस्पर ९११ (इथला आपत्कालीन नंबर) लावला तरी तुमचं काम संपत नाही. ॲम्ब्युलन्सवाल्याला शहराचा पत्ता कळतो, पण केमिस्ट्रीच्या इमारतीचं मागचं दार कळत नाही. तेव्हा एक ऑफिसर रस्त्याच्या तोंडाशी उभा करायचा, दुसऱ्यानं लिफ्ट अडवून धरायची, आणि तुम्ही दोघांना बोलतं ठेवायचं. आत गेलेला ऑफिसर काही मिनिटं गप्प राहिला तर त्याला रेडिओवर विचारायचं. उत्तर नाही आलं तर दुसरा पाठवायचा, वाट बघत बसायचं नाही. त्या वेळी रेडिओपलीकडच्या माणसाचा जीव तुमच्या हातात असतो. हे मी कधीच हलकं घेत नाही.

उच्चाराची धास्ती घेऊ नका. सावकाश बोलायचं. फिफ्टीन आणि फिफ्टी यांत घोटाळा होतो, म्हणून रेडिओवर वन-फाइव्ह आणि फाइव्ह-झीरो म्हणतात. आडनावाचं स्पेलिंग अक्षराला शब्द लावून सांगायचं. ती वर्णमाला (ए म्हणजे अल्फा, बी म्हणजे ब्राव्हो अशी) निघायच्या आधी रोज गाड्यांच्या नंबर प्लेटवर म्हणून बघा, बसमध्ये बसल्या बसल्या पाठ होते.

बरेचसे कॉल साधे असतात. खोलीची किल्ली आत राहिली, पॉपकॉर्न करपून फायर अलार्म वाजला (तरी प्रत्येक वेळी इमारत रिकामी करायचीच), थंडीत पाइप फुटून प्रयोगशाळेत पाणी. सप्टेंबर-ऑक्टोबरात आणि सेंट पॅट्रिक्स डेला (मार्चमधला आयरिश सण) दारूचे. अमली पदार्थांचा अतिरेक झालेला माणूस सापडला तर त्यासाठी नॅलॉक्सोनचा नाकात मारायचा स्प्रे अनेक ऑफिसर जवळ बाळगतात, तो वापरायला शिकवतात. आणि मोठ्या घटनेचा सरावही चालू असतो. ६ डिसेंबर १९८९ ला मॉन्ट्रियलच्या इकोल पॉलितेक्निकमध्ये एका बंदूकधाऱ्यानं १४ महिलांना मारलं. त्या दिवशी देशभरच्या कॅम्पसवर आजही स्मरण होतं. २८ जून २०२३ ला वॉटर्लूमध्ये भर वर्गात प्राध्यापिकेवर आणि दोन विद्यार्थ्यांवर चाकूहल्ला झाला. दारं बंद करण्याचा आणि सगळ्यांच्या मोबाइलवर इशारा पाठवण्याचा सराव का करून घेतात, ते या तारखा माहीत असल्या की कळतं.

एक कॉल तुम्हाला नक्की येईल, म्हणून जरा सविस्तर सांगतो. हिवाळ्यात ऑंटारियोत आणि भारतात साडेदहा तासांचा फरक. इथं रात्रीचे दोन, तिकडं दुपारचे साडेबारा. फोनवर एक आई, तुटक इंग्रजीत: मुलगा कालपासून फोन उचलत नाही. मागून कोणी तरी मराठीत म्हणालं, ‘अगं, रूम नंबर सांग त्यांना.’ मी मराठीत बोललो तशा त्या आधी एकदम गप्प झाल्या आणि मग रडू लागल्या. मी म्हटलं, ‘काकू, आधी त्याचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगा, मग आपण बोलू.’ हॉस्टेलचं नाव, मित्राचा नंबर, शेवटचं बोलणं कधी झालं, तब्येतीचं काही आहे का, सगळं टिपून घेतलं. पण तो इथं शिकतो की नाही, हे मी त्यांना सांगू शकत नव्हतो. ऑंटारियोचा माहिती-गोपनीयतेचा कायदा २००६ पासून युनिव्हर्सिटींना लागू आहे, आणि अठरा वर्षांच्या मुलाची माहिती त्याची स्वतःची, आईबापांचीही नाही. एवढंच म्हणालो, ‘मी आत्ता माणूस पाठवतो.’ ऑफिसर आणि हॉस्टेलचा ड्युटीवरचा कर्मचारी गेले, दार वाजवलं. पोरगं परीक्षा देऊन फोन चार्जिंगला न लावता झोपलं होतं. ऑफिसरनं त्याला त्याचाच फोन चार्जरला लावून तिथंच उभं राहून आईला लावायला सांगितलं. मी काकूंना परत फोन केला नाही, करायचाही नसतो. नोंदीत इंग्रजीत चार ओळी.

नेहमी असं सुखरूप होत नाही. दार उघडल्यावर वेगळं काही दिसलं, तर आईवडिलांना कळवायचं काम पोलिसांचं असतं, तुमचं नाही. पण तो फोन पहिल्यांदा उचललेला तुम्हीच असता. तशा शिफ्टनंतर समुपदेशकाची सोय असते, ती न लाजता घ्या. आपल्याकडच्या पुरुषांना हे जड जातं, मी बघितलंय.

बाकी, शिफ्ट बारा तासांच्या. दोन दिवस, दोन रात्री, मग चार दिवस सुट्टी असा फेरा बऱ्याच ठिकाणी असतो. वहिनींचं वेळापत्रक आणि तुमच्या रात्री आधीच समोरासमोर ठेवून बघा, नाही तर एका घरात राहून आठवडाभर भेट नाही. पायी गस्तीला बूट इथंच घ्या, भारतातले जानेवारीत कामाचे नाहीत.

निघण्यापूर्वी दोन कागद मात्र नक्की करा. आरटीओकडून ड्रायव्हिंग लायसन्सचा उतारा घ्या, ज्यात पहिल्यांदा लायसन्स मिळाल्याची तारीख असेल. गस्तीच्या गाडीसाठी इथलं जी लायसन्स (गाडी चालवायचं पूर्ण लायसन्स) मागतात, आणि दोन वर्षांहून जास्त अनुभव अधिकृत कागदावर दाखवता आला तर लेखी परीक्षेनंतर थेट शेवटची रोड टेस्ट देता येते, नाही तर वाट बघण्यात महिने जातात. दुसरं, कॉलेजकडून अनुभवपत्र. त्यात ‘सुपरवायझर’ एवढंच नको. किती गार्ड हाताखाली, किती कॅमेरे, रिपोर्ट कोण लिहायचं, फायर ड्रिल कोण घ्यायचं, सगळं सविस्तर, लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह. आमच्याकडे अर्ज चाळताना पहिल्यांदा तेच बघतात.