लाचित बोरफुकन हे सेनापती होते की मुत्सद्दी, आणि आसाममध्ये त्यांचा १२५ फुटी पुतळा का उभारला?

दोन्ही होते, आणि माझ्या मते मुत्सद्दी काकणभर अधिकच. पुतळा पाहून मात्र हे लक्षात येणार नाही, कारण तेथे त्यांच्या हातात दिसते ती हेंगदांग, म्हणजे लांब मुठीची, एकधारी आहोम तलवार (आहोम हे सतराव्या शतकात, म्हणजे लाचित यांच्या काळी, आसामवर राज्य करणारे घराणे).

आपण विचारलेला पुतळा जोरहाट जिल्ह्यात होलोंगापार येथे असून त्याचे अनावरण ९ मार्च २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. मूर्ती ८४ फुटांची, चौथरा ४१ फुटांचा. शिल्पकार राम सुतार, म्हणजे आपल्या धुळे जिल्ह्यातील गोंदूरचे. लाचित यांचे समकालीन चित्र उपलब्ध नसल्यामुळे चेहरा कल्पनेनेच घडवावा लागला, हेही येथे सांगितले पाहिजे.

बोरफुकन हे आडनाव नसून आहोम राज्यातील पद आहे. मध्य आसामातील कलियाबोरच्या पश्चिमेकडील सर्व मुलखाचा कारभार, न्यायनिवाडा आणि मोगलांशी होणारा पत्रव्यवहार ही कामे या अधिकाऱ्याकडे असत. म्हणजे तलवारीबरोबर लेखणीही त्याच्याच दप्तरात होती. लाचित यांचे वडील मोमाई तामुली बोरबरुआ हेही थोर प्रशासक. १६३९ मध्ये मोगलांशी सरहद्द ठरवणारा तह त्यांच्याच काळात झाला. औरंगजेबाचा सरदार मीर जुमला याच्या स्वारीनंतर १६६३ मध्ये आहोमांना खंडणी, मुलूख आणि राजकन्याही देऊन मानहानिकारक तह पत्करावा लागला. राजा चक्रध्वज सिंह याने तो झुगारून देण्याचे ठरवले, १६६७ मध्ये लाचित यांना बोरफुकन नेमले, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्यांनी गुवाहाटी परत घेतली.

यानंतर औरंगजेबाने ज्याला आसामवर पाठवले, तो सरदार मराठी वाचकाला परका नाही. मिर्झाराजे जयसिंगांचा पुत्र रामसिंग, ज्याच्या जबाबदारीवर शिवाजी महाराज आग्र्यात होते, तोच हा. महाराज १६६६ मध्ये तेथून निसटल्यावर रामसिंगावर बादशहाची खप्पामर्जी झाली होती.

खरी कसोटी येथे लागली. मोकळ्या मैदानावर मोगल घोडदळापुढे आपला निभाव लागणार नाही, हे लाचित ओळखून होते. म्हणून त्यांनी गुवाहाटीभोवतीच्या टेकड्यांमधून मातीचे तट उभारले, रात्रीचे छापे घातले आणि शत्रूला नदीकडे ढकलत नेले, कारण ब्रह्मपुत्रेवर आहोमांच्या नावा सरस होत्या. (तटाच्या कामात हयगय करणाऱ्या मामाला त्यांनी ठार केल्याची कथा आसामात सर्वतोमुखी आहे, पण मला तिच्यापेक्षा पुढची पत्रापत्री अधिक बोलकी वाटते.) बुरंजींमध्ये, म्हणजे आहोम बखरींमध्ये, अशी हकीकत येते की रामसिंगाने आपल्या सैन्याची संख्या सुचवण्यासाठी खसखस पाठवली, तेव्हा लाचित यांनी उलट वाळू पाठवली: खसखस वाटली जाते, वाळू वाटली जात नाही. रामसिंगाने बाणाला बांधून एक बनावट पत्रही आहोम तळात पोचवले, ज्यात लाचित यांनी गुवाहाटी सोडण्यासाठी लाख रुपये घेतल्याचा उल्लेख होता. राजाच्या मनात संशय आलाच होता. मुख्यमंत्री अतन बुढागोहाईं यांनी तो दूर केला.

राजा मात्र अधीर झाला. त्याच्या आग्रहाखातर ऑगस्ट १६६९ मध्ये अलाबोई येथे मोकळ्या मैदानात लढाई झाली आणि सुमारे १०,००० आहोम सैनिक कामी आले. असा फटका बसल्यावर दुसरा एखादा सेनापती कोसळला असता. लाचित यांनी बोलणी चालू ठेवली, रामसिंगाकडून १६३९ ची सरहद्द मान्य करण्याचे प्रस्ताव येत राहिले, आणि त्या घोळात आहोमांना सावरायला वेळ मिळाला. मार्च १६७१ मध्ये गुवाहाटीजवळ ब्रह्मपुत्रेत सराईघाटची नाविक लढाई झाली, तेव्हा लाचित तापाने फणफणले होते. नावा मागे फिरू लागलेल्या पाहून ते स्वतः नावेत बसून पुढे गेले, चित्र पालटले आणि मोगल हरले. ती लढाई प्रसिद्ध आहे, म्हणून तिच्याविषयी अधिक लिहीत नाही. पुढे वर्षभरातच ते वारले.

आता पुतळा का उभारला, हा प्रश्न. आसामात २४ नोव्हेंबर हा लाचित दिवस म्हणून पाळला जातो आणि २०२२ मध्ये त्यांची ४०० वी जयंती देशपातळीवर साजरी झाली. पुतळ्याची पायाभरणी त्याच वर्षी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी केली होती. आसामबाहेर हे नाव फारसे ठाऊक नव्हते, हे खरेच आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत सर्वोत्कृष्ट छात्राला १९९९ पासून लाचित बोरफुकन सुवर्णपदक दिले जाते, तरी पुण्यातही किती जणांना ते माहीत असेल, याची शंकाच आहे. त्या दृष्टीने पुतळा उपयोगी पडला, असे मी म्हणेन. उंचीच्या चढाओढीचे मला कौतुक नाही, पण जागेची निवड अचूक आहे, कारण होलोंगापारलाच लाचित यांचे मैदाम, म्हणजे मातीचा दफन-टेकाड आहे आणि ते उदयादित्य सिंह राजाने १६७२ मध्ये बांधवले.

आपण जाणार असाल, तर हे ठिकाण जोरहाट शहरापासून सुमारे १६ किलोमीटरवर आहे. जुलै २०२४ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेली मैदामे ती हीच, असा समज करून घेऊ नये. ती आहोम राजघराण्याची असून चराईदेव येथे आहेत आणि त्यांच्यासाठी वेगळा दिवस काढावा.