चिनी ‘छांग’ आणि आपले ‘लांब’

प्रश्न : मी नांदेडला राहून चिनी शिकतो. ‘छांग’ म्हणजे लांब असे पाठ केले. नदी आणि सुट्टी या दोन्हींसाठी तो शब्द शिक्षकांनी मान्य केला. परंतु ‘पैठण इथून लांब आहे’ आणि ‘मी बराच थांबलो’ या वाक्यांत तो वापरला तेव्हा खोडला. असे का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : आपल्या ‘लांब’ने मराठीत फार मोठा पसारा व्यापला आहे आणि चिनी ‘छांग’चा पसारा त्याहून लहान आहे, हे त्याचे कारण. वस्तूची लांबी आणि काळाचा विस्तार, एवढीच ‘छांग’ची हद्द. म्हणून गोदावरी ‘छांग’, उन्हाळ्याची सुट्टी ‘छांग’, आणि आपण ज्याला दीर्घायुष्य म्हणतो ते चिनीत ‘छांगशौ’. इथे ‘छांग’ अगदी आपल्या ‘दीर्घ’सारखा वागतो. यांगत्से नदीचे चिनी नावच ‘छांगज्यांग’, म्हणजे लांब नदी, असे आहे. मापही मराठीप्रमाणेच आधी येते : जायकवाडीचे धरण सुमारे 10 किलोमीटर ‘छांग’.

पैठणचे मात्र अंतर आहे, लांबी नव्हे. अंतरासाठी ‘युएन’ हा निराळा शब्द आहे. जून उलटूनही आभाळ कोरडे राहिले की आपण मराठवाड्यात काळजीने ‘पाऊस लांबला’ म्हणतो, तिथेही ‘छांग’ चालणार नाही, कारण तो उशीर झाला; त्याला ‘वान’.

दुसऱ्या वाक्यातली अडचण अधिक सूक्ष्म आहे आणि तिच्याकडे विशेष लक्ष द्यावे, असे मला कळकळीने वाटते. ‘थांबलो’सारख्या क्रियापदानंतर कालावधी सांगताना एकटा ‘छांग’ अपुरा पडतो; त्याला ‘शिज्येन’, म्हणजे वेळ, या नामाची जोड द्यावी लागते : ‘हन् छांग शिज्येन’, म्हणजेच ‘बराच वेळ’. ती जोड नको असेल, तर फक्त काळासाठीच असलेला ‘जिऊ’ घ्यावा : ‘हन् जिऊ’. हा ‘जिऊ’ नदीला किंवा दोरीला कधीच लागत नाही. या ‘हन्’चा शब्दार्थ ‘खूप’ असला, तरी साध्या विधानात तो बहुधा जोर न देता येतो. तो गाळून नुसते विशेषण ठेवल्यास ऐकणाऱ्याला कशाशी तरी तुलना चालली आहे, असे वाटते.

वाचताना आणखी एक सावधगिरी बाळगावी. ‘छांग’ लिहिण्याचे चिनी चिन्ह चढत्या सुरात ‘छांग’ असे वाचले जाते, पण खाली जाऊन वर येणाऱ्या सुरात ‘जांग’ वाचले, की त्याचा अर्थ ‘वाढणे’ होतो.