इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली विषाणू बघणं म्हणजे ‘नुसतं बटण दाबायचं काम’ आहे का?

तुम्ही विचारलंय की फ्लू-कोरोनासारख्या श्वसनाच्या विषाणूंची रचना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने कशी कळते. खाली जोडलंय, ‘मी मिरजेत बीएस्सी करतोय. आमचे सर म्हणतात ते टेक्निशियनचं काम, डोकं लागत नाही, त्यापेक्षा पीसीआर शीक. खरं का?’ (पीसीआर म्हणजे विषाणूच्या जनुकाचा तुकडा अनेक पटींनी वाढवून तो ओळखायची चाचणी.) पहिल्या प्रश्नाला उत्तर देणारे माझ्यापेक्षा हुशार लोक इथे आहेत. मी लिहायला बसले ती दुसऱ्यामुळे. ते डोकं न लागणारं काम मी एकोणीस वर्षं केलंय.

टिकलीएवढी, तीन मिलिमीटरची तांब्याची जाळी असते, तिला ग्रिड म्हणतात. तिच्यावर कार्बनचा पापुद्रा. नमुन्याच्या थेंबावर ती मिनिटभर पालथी ठेवायची, फिल्टर पेपरच्या कडेने पाणी टिपायचं, मग फॉस्फोटंग्स्टिक ॲसिडचा थेंब, पुन्हा टिपायचं. बस, एवढंच. पण किती टिपायचं हे कुठल्याही पुस्तकात नाही. जास्त राहिलं की सगळं काळंकुट्ट, कमी राहिलं की पडद्यावर काहीच नाही. आम्ही पंखा बंद करून टिपायचो.

विषाणू रंगत नाही, त्याच्या भोवतालचं रंगतं. आमच्या सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या दिवसांत सगळी फरशी पिवळी होते, पोतं उचललं की खाली कोरा चौकोन राहतो. तसंच. टंग्स्टन जड, तो इलेक्ट्रॉन अडवतो. विषाणू हलका, म्हणून तो काळ्यात पांढरा उठून दिसतो आणि त्याच्या अंगावरच्या काट्यांच्या मधल्या फटीत रंग शिरला की काटे मोजतासुद्धा येतात. ही रीत ब्रेनर आणि हॉर्न यांनी 1959 साली सांगितली. वर्तमानपत्रात येतो तो लालभडक गोळा नंतर रंगवलेला असतो. आमच्याकडे सगळं करडं.

आता 1996 चा पावसाळा. प्रयोगशाळेचं नाव सांगत नाही, साहेबांचंही नाही. एका लहान मुलाच्या नमुन्यापासून वाढवलेलं कल्चर, म्हणजे पेशींत वाढवलेला विषाणू, आलं होतं, सोबत चिठ्ठी ‘इन्फ्लुएन्झा?’, म्हणजे फ्लू का. अंधाऱ्या खोलीत हिरव्या पडद्यावर मी दोन तास चौकोनामागून चौकोन सरकवत होते. नुसता कचरा. मग एका कोपऱ्यात तीन कण, गोलसर, थोडे वेडेवाकडे. फिल्म काढली, धुतली, एक लाख पट मोठा प्रिंट केला. एक लाख पटीत एक मिलिमीटर म्हणजे दहा नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), हिशेब सोपा. पट्टी आणि भिंग घेऊन बसले. इन्फ्लुएन्झाचे काटे जेमतेम मिलिमीटरभर, दाट, दात घासायच्या ब्रशसारखे. हे चांगले दोन मिलिमीटर, विरळ, बुडाशी बारीक नि टोकाला फुगलेले, टाचण्या खुपसल्यासारखे. मी प्रिंटच्या मागे पेन्सिलीने लिहिलं, ‘कोरोना?’

साहेबांनी प्रिंट उजेडाकडे धरला, पाच सेकंदं. ‘इन्फ्लुएन्झाच आहे, फोटो बिघडलाय. बाई, तुम्ही मशीन सांभाळा, विषाणू आम्ही ओळखतो.’ त्याच नमुन्याच्या आणखी दोन ग्रिड केल्या. दुसरीत काही नाही, तिसरीत पुन्हा तसलेच दोन. तोवर नमुना संपला. रिपोर्टात ‘इन्फ्लुएन्झासदृश’ गेलं आणि माझा प्रिंट टोपलीत. मी तो संध्याकाळी टोपलीतून उचलून घरी आणला.

पुढे बऱ्याच वर्षांनी जून अल्मेडा यांच्याविषयी वाचलं तेव्हा हातातला चहा गार झाला. जन्म 1930, ग्लासगो. वडील बस चालवायचे. सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि बाई रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत टेक्निशियन म्हणून लागल्या. पुढे कॅनडात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप हाताळायला शिकल्या, 1964 मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात आल्या. सर्दीवर संशोधन करणाऱ्या टायरेल यांनी त्यांच्याकडे बी814 नावाचा नमुना धाडला. त्यात त्यांना काट्यांचा मुकुट असलेले कण दिसले. असेच कण त्यांनी आधी कोंबड्यांच्या आणि उंदरांच्या विषाणूंत पाहिले होते, आणि तेव्हा त्यांचा पेपर परत आला होता. कारण काय? ‘ही इन्फ्लुएन्झाचीच वाईट छायाचित्रं आहेत.’ शब्द वाचून मी दोनदा चश्मा पुसला. 1968 मध्ये ‘नेचर’मध्ये कोरोनाव्हायरस हे नाव छापून आलं.

तुमच्या सरांना सांगा, पीसीआरला आधी नाव सांगावं लागतं. प्राइमर, म्हणजे विषाणूच्या जनुकाला जुळणारा छोटा तुकडा, ज्याचा टाकाल तेवढंच तो हो किंवा नाही म्हणतो. मायक्रोस्कोपला काही विचारावं लागत नाही, समोर असेल ते दिसतं. ओळखायला मात्र माणूस लागतो. आणि तुम्ही मिरजेचे ना? सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी काढताना बघितलंय? घोडीवरून कानस केसभर जास्त फिरली की नाद गेला. त्या कारागिराला कुणी म्हणत नाही की गवई गातो, हा नुसता घासतो.

आता तुमचा मूळ प्रश्न. मी सांगितला तो जुना प्रकार, त्याने बाहेरचा आकार कळतो. अणूपर्यंतची रचना हवी तर क्रायो-ईएम, म्हणजे गोठवलेल्या नमुन्याची इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी. नमुना द्रवरूप इथेनमध्ये इतक्या झटक्यात गोठवायचा की बर्फाचे स्फटिकच होऊ नयेत, मग हजारो कणांचे फोटो संगणकाने एकावर एक बसवायचे. याच तंत्राला 2017 चं नोबेल मिळालं. फेब्रुवारी 2020 मध्ये कोरोनाच्या काट्याची रचना 3.5 अँगस्ट्रॉमपर्यंत (अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) कळली ती यानेच. त्याच वर्षी असंही दिसलं की तो काटा ताठ नसतो, त्याला कंबर, गुडघा, घोटा असे तीन सांधे असतात. हे मी केलेलं नाही. यातलं गणित मला येत नाही, ते दुसऱ्या कुणाला तरी विचारा.

पुण्याच्या एनआयव्हीने, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेने, भारतातल्या पहिल्या कोविड रुग्णाच्या घशातल्या नमुन्यातून विषाणूचे फोटो घेतले, तेही जुन्याच पद्धतीने. सगळा शोध घेऊन सात कण मिळाले, त्यातला एक नीट टिकलेला, 75 नॅनोमीटरचा. सात! बटण दाबून मिळाले का ते?

हां, पण खरं ते सांगायला हवं. तो नमुना पीसीआरने आधीच पॉझिटिव्ह ठरवला होता. मायक्रोस्कोपला मिलीलीटरमागे लाखांनी कण लागतात, पीसीआरला मूठभर पुरतात, त्यामुळे साथीत रोगी शोधायला मायक्रोस्कोप कामाचा नाही. तेव्हा पीसीआरही शिका. आणि डोळा फसतो. 2020 मध्ये मोठमोठ्या लोकांनी मूत्रपिंडाच्या पेशीतल्या क्लॅथ्रिन नावाच्या प्रथिनाने मढवलेल्या नेहमीच्याच बारीक पिशव्यांना कोरोना समजून पेपर छापले, मग इतरांनी पत्रं लिहून चुका दाखवल्या. पेशीच्या फुटक्या पडद्याला रंग चिकटला की तोही काटेरी दिसतो. म्हणजे 1996 मध्ये साहेब बरोबर असण्याची शक्यता आहे. थोडी.

फक्त पाच सेकंदांत बरोबर असण्याची नाही. त्यांनी पट्टी लावायला हवी होती.

2019 च्या पुरात गावभागातल्या आमच्या घरात पाणी शिरलं तेव्हा तो प्रिंट बिस्किटाच्या डब्यात होता. शेजारच्या लग्नाच्या फोटोंना चिकटून उजवी बाजू गेली. डावा कण शाबूत आहे. परवा तुमचा प्रश्न वाचल्यावर काढून पुन्हा मोजलं. तेरा काटे, आणि प्रत्येक दोन मिलिमीटर.